फेडरलिस्ट पक्षाचा उदय आणि अस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या राजकारणावर मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक लिंकनपासून पुढचं, नाहीतर थेट आजचं. त्याआधीची जी वर्षं आहेत, ज्यांत त्या देशाची पत, बँक, न्यायालय आणि नौदल उभं राहिलं, ती सहसा वॉशिंग्टनच्या नावाखाली एका परिच्छेदात आटोपतात. तेव्हा सत्तेवर होता फेडरलिस्ट पक्ष. बारा वर्षं राज्य करून तो हरला आणि पुन्हा कधीच सत्तेवर आला नाही. त्याच्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

फेडरलिस्ट म्हणजे आजच्या रिपब्लिकन पक्षाचे पूर्वज का?

नाही. आजचा रिपब्लिकन पक्ष १८५४ मध्ये निघाला, तोवर फेडरलिस्ट पक्ष संपून एक पिढी उलटली होती. घोळ होतो तो दुसऱ्या एका कारणाने. फेडरलिस्टांच्या विरोधात थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांचा जो पक्ष होता, त्याला त्या काळात लोक ‘रिपब्लिकन’ म्हणत. पुढे इतिहासाच्या पुस्तकांनी त्याला ‘डेमोक्रॅटिक-रिपब्लिकन’ असं लांबलचक नाव दिलं. पुढच्या उत्तरांत मी त्यांना सरळ ‘जेफरसनवाले’ म्हणणार आहे.

राज्यघटनेसाठी लढलेले फेडरलिस्ट आणि हा पक्ष एकच का?

नाव एक, माणसं बरीचशी तीच, पण पूर्ण एक नाहीत. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली गेली आणि ती मान्य करायची की नाही यावर राज्याराज्यांत वाद पेटला. बाजूने असलेल्यांनी स्वतःला ‘फेडरलिस्ट’ म्हणवून घेतलं. हे नाव त्यांनी चतुराईने पटकावलं होतं. ‘फेडरल’ म्हणजे राज्यांचा सैलसर संघ, असाच तेव्हाचा अर्थ होता, आणि यांना तर केंद्र बळकट करायचं होतं. पण नाव आधी पटकावल्यामुळे समोरच्यांच्या कपाळी ‘अँटी-फेडरलिस्ट’ हा शिक्का बसला.

त्या वादात न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून ‘पब्लियस’ या टोपणनावाने ८५ लेख छापून आले. लिहिणारे तिघे होते: अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे. यातला मॅडिसन चारच वर्षांत हॅमिल्टनच्या विरोधी पक्षाचा म्होरक्या झाला. घटनेसाठी खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं घटना राबवायला बसल्यावर का फुटली, या प्रश्नाच्या उत्तरातच पक्षाचा जन्म आहे.

मग पक्ष जन्माला आला तो कशावरून?

कर्जावरून. हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची सगळी भांडणं इथूनच सुटतात.

इंग्लंडशी झालेल्या युद्धात लढलेल्या शिपायाला पगार रोख मिळाला नव्हता. त्याच्या हातात सरकारने एक कागद ठेवला होता: तुझे इतके डॉलर आम्ही देणे लागतो. युद्ध संपलं आणि शिपाई गावी गेला. शेताचा कर भरायचा होता, बी घ्यायचं होतं आणि केंद्र सरकारकडे तर कर बसवण्याचा अधिकारसुद्धा नव्हता. त्याने तो कागद डॉलरमागे वीस-पंचवीस सेंटांना, कधी त्याहूनही कमी भावाला फुंकून टाकला. घेणारा शहरातला व्यापारी होता.

१७८९ मध्ये वॉशिंग्टन अध्यक्ष झाला आणि हॅमिल्टन अर्थमंत्री. वेस्ट इंडीजमधल्या एका बेटावर जन्मलेला, पोरका वाढलेला, तिशीतला हा माणूस आकड्यांत बुडून जाणारा होता. जानेवारी १७९० मध्ये त्याने आपला अहवाल काँग्रेसपुढे, म्हणजे तिथल्या संसदेपुढे ठेवला. केंद्राचं कर्ज सुमारे ५.४ कोटी डॉलर होतं आणि राज्यांचं मिळून आणखी अंदाजे २.५ कोटी. हॅमिल्टन म्हणाला, सगळं फेडायचं. राज्यांचं कर्जही केंद्राने अंगावर घ्यायचं. आणि कागद आज ज्याच्या हातात आहे त्यालाच पूर्ण किंमत द्यायची.

म्हणजे शिपायाला काहीच नाही आणि ज्याने कवडीमोलाने कागद गोळा केले त्याचं उखळ पांढरं. अहवालाची कुणकुण लागताच सटोडियांनी दक्षिणेकडे जहाजं पाठवली, खेड्यापाड्यांतल्या ज्या माणसांना अजून बातमी नव्हती त्यांचे कागद उचलायला. जॉर्जियाचा प्रतिनिधी जेम्स जॅक्सन याने भर सभागृहात याचा जाब विचारला. मॅडिसनने सुचवलं की मूळ शिपायालाही वाटा द्या. ते मतदानात पडलं.

मला इथे दोघांचंही पटतं आणि म्हणूनच हा प्रसंग मनातून जात नाही. मॅडिसनच्या बाजूला न्याय होता. हॅमिल्टनच्या बाजूला बाजाराचा नियम होता: सरकारी कागद दहा हातांतून फिरल्यावर सरकारच ‘पहिला धनी कोण होता’ असं विचारू लागलं, तर तसा कागद उद्या कोणी शिवणार नाही. पत अशी उभी राहत नाही. हॅमिल्टनने पत उभी केली, ती खरोखर उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेचे रोखे युरोपात विश्वासाने विकत घेतले जाऊ लागले. पण ज्याचं नुकसान झालं त्या शिपायाला हे समजावून सांगायला पक्षाचा एकही माणूस त्याच्या दारी गेला नाही. ही सवय पुढे पक्षाच्या मुळावर आली.

राज्यांच्या कर्जावरही माशी शिंकली. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं, मग मॅसॅच्युसेट्सचं ओझं तिने का उचलावं? एप्रिलमध्ये प्रस्ताव प्रतिनिधिगृहात थोडक्यात पडला. मग जूनमध्ये जेफरसनच्या घरी जेवणाच्या टेबलावर तडजोड झाली: दक्षिणेने कर्जाला आडकाठी करायची नाही, बदल्यात देशाची कायमची राजधानी पोटोमॅक नदीकाठी. वॉशिंग्टन शहर आज जिथे आहे तिथे का आहे, याच्यामागे हे जेवण आहे.

पाठोपाठ १७९१ मध्ये राष्ट्रीय बँक आली. वीस वर्षांची सनद, एक कोटी डॉलरचं भांडवल, त्यात सरकारचा पाचवा हिस्सा. जेफरसन म्हणाला, घटनेत बँक काढायचा अधिकार कुठे लिहिलाय? हॅमिल्टनचं उत्तर असं की काम सोपवलंय त्यात कामाला लागणारी साधनंही आलीच. वॉशिंग्टनने सही केली. इथून दोन गट स्पष्ट झाले आणि दोघांची वर्तमानपत्रंही निघाली. हॅमिल्टनच्या बाजूचं जॉन फेनोचं आणि त्याला उत्तर म्हणून फिलिप फ्रेनोचं.

वॉशिंग्टन फेडरलिस्ट होता का?

तो स्वतःला कोणत्याच पक्षाचा म्हणवत नसे आणि १७९६ च्या निरोपाच्या संदेशात त्याने पक्षबाजीविरुद्ध कळकळीने सावध केलं. पण निर्णय पाहिले तर बहुतेक वेळा तो हॅमिल्टनच्या बाजूने उभा राहिला. त्या संदेशाच्या मसुद्यावरही हॅमिल्टनचाच हात फिरला होता.

या पक्षाला मतं कोण देत असे?

न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांतली बंदरं आणि तिथले जहाजमालक, आयात-निर्यातीचे व्यापारी, वकील, काँग्रिगेशनल पंथाचे पाद्री. डेलावेअर हे छोटं राज्य शेवटपर्यंत पक्के फेडरलिस्ट होतं. दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटनचे मळेवाले आणि व्यापारीही बरीच वर्षं त्यांच्या बाजूला होते. शहरांतले कारागीर सुरुवातीला यांचेच होते, कारण घटनेने व्यापार सुरळीत केला होता. ते पुढे तुटले.

व्हिस्कीचं बंड म्हणजे काय?

घेतलेलं कर्ज फेडायला पैसा हवा. जकात पुरेना म्हणून १७९१ मध्ये दारूवर अबकारी कर बसला. ॲलेगेनी डोंगरापलीकडे राहणाऱ्या शेतकऱ्याला धान्य डोंगर ओलांडून बाजारात नेणं परवडत नसे. तो भट्टी लावून व्हिस्की काढायचा आणि पिंप खेचरावर लादायचा. तिथे रोकड दुर्मिळ होती, व्हिस्की देऊनच देणीघेणी भागत. कराची रचना अशी की मोठ्या भट्टीवाल्याला गॅलनमागे कमी पडे आणि छोट्याला जास्त.

जुलै १७९४ मध्ये पश्चिम पेनसिल्व्हेनियात कर-निरीक्षक जॉन नेव्हिलचं घर जमावाने जाळलं. वॉशिंग्टनने सुमारे १३ हजारांचं दल उभं केलं, हॅमिल्टन त्याच्याबरोबर निघाला. समोर लढायला कोणीच उरलं नव्हतं. दोघांवर देशद्रोह शाबीत झाला, वॉशिंग्टनने दोघांनाही माफी दिली. केंद्राचा कायदा डोंगरापलीकडेही चालतो हे सिद्ध झालं. डोंगरापलीकडची मतं मात्र गेली.

इंग्लंड आणि फ्रान्सच्या भांडणात अमेरिकन पक्ष का अडकले?

१७९३ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपलं. वॉशिंग्टनने तटस्थता जाहीर केली, पण लोकांची मनं तटस्थ नव्हती. जेफरसनवाल्यांना फ्रेंच क्रांती आपल्याच क्रांतीची बहीण वाटे. फेडरलिस्टांना तिच्यात फक्त गिलोटिन दिसे. शिवाय सरकारचा निम्म्याहून अधिक महसूल जकातीतून येई, ती जकात मुख्यतः इंग्लंडच्या मालावर होती आणि हॅमिल्टनची सगळी मांडणी त्या जकातीवर उभी होती.

इंग्लंड अमेरिकन जहाजं पकडत होतं आणि सीमेवरचे किल्ले सोडत नव्हतं. सरन्यायाधीश जॉन जे याला लंडनला पाठवलं. नोव्हेंबर १७९४ मध्ये त्याने करार केला: किल्ले सुटले, पण अमेरिकन खलाशांना जबरदस्तीने उचलण्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. सिनेटने १७९५ मध्ये तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे बरोब्बर दोन-तृतीयांश मतांनी, मंजूर केला. मजकूर फुटल्यावर गावोगाव जेच्या प्रतिमा जाळल्या गेल्या. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहात खर्चाची मंजुरी ५१ विरुद्ध ४८ अशी कशीबशी मिळाली. या करारावरच्या मतदानानेच खासदारांची दोन पक्षांत कायमची वाटणी झाली, असं मला वाटतं.

या सगळ्याचा आपल्याकडे काही संबंध?

एक आहे आणि तो जेच्या करारातच आहे. कराराच्या १३ व्या कलमाने अमेरिकन जहाजांना ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पूर्वेकडच्या बंदरांत व्यापाराची लेखी मुभा मिळाली. अट एवढीच की तिथला माल थेट अमेरिकेतच न्यायचा. मुंबई बेट तेव्हा इंग्रजांकडे होतं, घाटावरचा मुलूख पेशव्यांकडे. म्हणजे आपल्याकडे कलम लागू होतं ते मुंबईपुरतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराची जहाजं आधीपासूनच आपल्या किनाऱ्याकडे येत होती. १७९९ मध्ये तिथल्या कप्तानांनी ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली. केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घालून आलेल्यालाच तिचं सभासदत्व मिळे. त्यांनी देशोदेशींहून आणलेल्या वस्तूंपासून पुढे सेलमचं प्रसिद्ध संग्रहालय झालं. सेलम हा फेडरलिस्टांचा गड. पक्षाचा सर्वांत कडवा नेता टिमथी पिकरिंग तिथलाच.

१७९८ चे कायदे इतके बदनाम का झाले?

१७९६ ची निवडणूक फेडरलिस्ट जॉन ॲडम्सने इलेक्टरांच्या (अध्यक्ष निवडायला राज्यांनी नेमलेल्या, प्रत्येकी दोन मतं देणाऱ्या प्रतिनिधींच्या) ७१ विरुद्ध ६८ मतांनी जिंकली. तेव्हाच्या नियमाने दुसरा आलेला उपाध्यक्ष होई, म्हणून विरोधी पक्षाचा जेफरसन त्याचा उपाध्यक्ष झाला. त्यातच फ्रान्सने अमेरिकन जहाजं पकडायला सुरुवात केली. बोलणी करायला पॅरिसला गेलेल्या अमेरिकन दूतांकडे फ्रेंच मंत्र्याच्या माणसांनी लाच मागितली. हे एक्सवायझेड प्रकरण १७९८ मध्ये बाहेर आलं आणि देश खवळला. फेडरलिस्ट तरुण टोपीला काळ्या फितीचं फूल लावून फिरू लागले, नौदलाचं स्वतंत्र खातं निघालं, समुद्रावर अघोषित युद्ध सुरू झालं. पक्ष इतका लोकप्रिय आधी नव्हता आणि नंतर कधी झाला नाही.

त्या लाटेवर बसून त्यांनी चार कायदे केले. परदेशातून आलेल्याला नागरिकत्वासाठी ५ ऐवजी १४ वर्षं थांबावं लागणार. अध्यक्षाला परकीयांना हाकलता येणार. आणि सरकार, काँग्रेस किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं, बदनामीकारक लिहिलं-बोललं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि २००० डॉलरपर्यंत दंड. यादीत उपाध्यक्ष नव्हता, म्हणजे जेफरसनला कोणी काहीही म्हणावं. कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१ पर्यंत, अध्यक्षाचा कार्यकाळ संपेपर्यंतच. फेडरलिस्टांच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी: इंग्लंडच्या जुन्या कायद्यात खरं बोलणंही गुन्हा होता, यांनी ‘मी म्हणालो ते खरं आहे’ हा बचाव मान्य केला. पण न्यायालयात हा बचाव फारसा कोणाच्या कामी आला नाही.

व्हरमाँटचा खासदार मॅथ्यू लायन याची हकिकत सांगतो. आयर्लंडमधून करारबद्ध नोकर म्हणून आलेला, फटकळ माणूस. जानेवारी १७९८ मध्ये कनेटिकटचा फेडरलिस्ट रॉजर ग्रिस्वोल्ड त्याच्या लष्करी नोकरीबद्दल टोचून बोलला, तेव्हा लायन त्याच्या तोंडावर थुंकला. पंधरवड्याने ग्रिस्वोल्डने सभागृहातच त्याच्यावर काठी चालवली आणि लायनने शेकोटीचा चिमटा उचलला. ऑक्टोबरमध्ये ॲडम्सवर केलेल्या टीकेबद्दल लायनवर नव्या कायद्याखाली खटला झाला. चार महिने कैद, १००० डॉलर दंड. त्याला ज्या कोठडीत टाकलं ती सोळा फूट लांब, बारा फूट रुंद, चोर-दरोडेखोरांसाठीची आणि दुर्गंधीने भरलेली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्या कोठडीतूनच त्याने निवडणूक लढवली. लोकांनी त्याला भरघोस मतांनी पुन्हा निवडून दिलं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये ॲडम्सच्या स्वागताला तोफा उडत होत्या. ल्यूथर बाल्डविन नावाचा माणूस दारूच्या गुत्त्याकडे जाताना म्हणाला की गोळा अध्यक्षाच्या ढुंगणावर बसला तरी माझी हरकत नाही. त्यालाही दंड झाला. ज्या सरकारला गुत्त्यातल्या बोलण्याची भीती वाटते, त्याची लोकांना भीती वाटेनाशी होते. फेडरलिस्टांचा समज असा की मतदाराने चांगली माणसं निवडावीत आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांना निवांत काम करू द्यावं. मधल्या काळात प्रश्न विचारणं म्हणजे त्यांच्या लेखी बंडच. या पक्षाच्या नाशाचं खरं कारण मला हेच दिसतं, बाकीची कारणं याच्यामागून येतात.

ॲडम्स आणि हॅमिल्टन यांचं का बिनसलं?

हॅमिल्टनला मोठं सैन्य हवं होतं आणि त्याची सूत्रं आपल्या हाती. ॲडम्सला फ्रान्सशी तह शक्य दिसला आणि १७९९ मध्ये त्याने आपल्याच पक्षाला न विचारता नवे दूत नेमले. मे १८०० मध्ये त्याने हॅमिल्टनच्या सल्ल्याने चालणारे दोन मंत्री, पिकरिंग आणि मॅकहेन्री, घरी पाठवले. चिडलेल्या हॅमिल्टनने ऐन निवडणुकीच्या तोंडावर ॲडम्सच्या स्वभावाची चिरफाड करणारं ५४ पानी पत्रक छापलं. ते विरोधकांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते आनंदाने पसरवलं. आपल्याच पायावर असा धोंडा क्वचितच कोणी मारून घेतला असेल.

फ्रान्सशी तह ३० सप्टेंबर १८०० ला झाला, पण बातमी यायला उशीर झाला. ॲडम्सला त्या तहाचा जन्मभर अभिमान वाटला. म्हातारपणी त्याने एका पत्रात लिहिलं की आपल्या थडग्यावर एवढंच कोरावं: १८०० मध्ये फ्रान्सशी शांतता करण्याची जबाबदारी याने स्वतःवर घेतली. पक्ष बुडाला तरी चालेल पण नाहक युद्ध नको, असं ठरवणारा अध्यक्ष मला आदरणीय वाटतो.

१८०० ची निवडणूक नेमकी कशी हरली?

लढाई न्यूयॉर्कमध्ये ठरली. तिथे १२ इलेक्टर राज्याचं विधिमंडळ निवडे, म्हणून वसंतातली विधिमंडळाची निवडणूक निर्णायक होती. जेफरसनवाल्यांकडून आरन बर उतरला. त्याने शहरातल्या मतदारांच्या याद्या केल्या, कोण कुठे झुकतो, कोणाला आणायला गाडी लागेल. त्याचं घर कार्यकर्त्यांना रात्रंदिवस उघडं होतं. खायला-प्यायला तयार आणि डुलकी काढायला जमिनीवर गाद्या. हॅमिल्टनही घोड्यावरून मतदानकेंद्रं पालथी घालत फिरला, पण त्याच्यामागे अशी फळी नव्हती. शहर गेलं, त्याबरोबर विधिमंडळ गेलं.

हॅमिल्टनने मग राज्यपाल जॉन जे याला पत्र लिहिलं: जुनं विधिमंडळ मुदत संपायच्या आत बोलव आणि इलेक्टर निवडायची पद्धतच बदल. जे हा त्याचा मित्र, पक्का फेडरलिस्ट. त्याने त्या पत्रावर शेरा मारून ठेवला की पक्षासाठी सुचवलेला हा उपाय अंगीकारणं मला शोभणार नाही. आणि काहीही केलं नाही. एका माणसाच्या त्या गप्प बसण्याने निवडणूक प्रामाणिक राहिली.

जेफरसन आणि बर यांना प्रत्येकी ७३ मतं पडली, ॲडम्सला ६५. एकाच पक्षाच्या दोघांत बरोबरी झाल्यामुळे निर्णय जुन्या प्रतिनिधिगृहाकडे गेला, जिथे फेडरलिस्टांचं बहुमत होतं. तिथे प्रत्येक राज्याचं एकच मत, १६ पैकी ९ राज्यं हवी होती. ११ फेब्रुवारी १८०१ ला मतदान सुरू झालं आणि ३५ फेऱ्या झाल्या तरी जेफरसन आठावरच. फेडरलिस्ट बरला मत देत राहिले. हॅमिल्टनने मात्र जेफरसन परवडला, बर नको, म्हणून पत्रांमागून पत्रं लिहिली. अखेर डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधी जेम्स बेयर्ड हटायला तयार झाला. १७ फेब्रुवारीला ३६ व्या फेरीत व्हरमाँटचा फेडरलिस्ट प्रतिनिधी मतदानापासून दूर राहिला. त्यामुळे व्हरमाँटचं मत उरलेल्या एकट्या प्रतिनिधीने टाकलं, जेफरसनला. तो प्रतिनिधी म्हणजे मॅथ्यू लायन.

४ मार्चला जेफरसनने शपथ घेतली. भाषणात तो म्हणाला, आपण सगळे रिपब्लिकन आहोत, सगळे फेडरलिस्ट आहोत. ॲडम्स पहाटेच गाव सोडून गेला होता. गोळी न झाडता सत्ता एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली.

गुलामगिरीबाबत फेडरलिस्ट कुठे उभे होते?

एका बाजूला नव्हते. दक्षिण कॅरोलायनातले पक्षाचे नेते पिंकनी स्वतः गुलामांचे मालक होते. उत्तरेत जॉन जेने राज्यपाल असताना १७९९ मध्ये न्यूयॉर्कमधली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि तिथले मुक्त कृष्णवर्णीय मतदार बरीच वर्षं याच पक्षाला मत देत. घटनेनुसार लोकसंख्या मोजताना पाच गुलामांमागे तीन डोकी धरत, त्यामुळे दक्षिणेला जास्तीचे प्रतिनिधी आणि इलेक्टर मिळत. ही वाढीव मतं नसती तर १८०० मध्ये ॲडम्सच जिंकला असता, अशी मांडणी अनेक इतिहासकार करतात. उत्तरेतल्या फेडरलिस्टांची ही कायमची दुखरी नस होती. त्यांच्या तक्रारीत गुलामांबद्दल कळवळा किती आणि हरल्याचा राग किती, हे माणसागणिक वेगळं होतं.

हरल्यावर पक्ष सावरला का नाही?

१८०३ मध्ये जेफरसनने दीड कोटी डॉलरला लुइझियाना घेतलं, देश जवळपास दुप्पट झाला. फेडरलिस्टांनी विरोध केला, कारण नवी राज्यं म्हणजे नवे शेतकरी मतदार. पिकरिंग आणि त्याचे साथी न्यू इंग्लंड वेगळं काढायच्या गोष्टी करू लागले. जुलै १८०४ मध्ये बरने द्वंद्वयुद्धात हॅमिल्टनला मारलं. त्याच वर्षी जेफरसन १६२ विरुद्ध १४ असा निवडून आला.

तरुण फळीला धडा कळला होता. १८०८ पासून त्यांनी वॉशिंग्टनच्या नावाने मंडळं काढली, मिरवणुका, मेजवान्या, गरजूंना मदत सुरू केली. जेफरसनने १८०७ च्या अखेरीस सगळी परदेशी निर्यात बंद केली, बंदरांत जहाजं कुजू लागली, तेव्हा त्यांना संधीही मिळाली. १८०८ मध्ये पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार पिंकनी याला ४७ मतं मिळाली, १८१२ मध्ये पक्षाने पाठिंबा दिलेल्या डेविट क्लिंटनला ८९. पक्ष मेला नव्हता, हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण पुष्कळ ठिकाणी १८०० मध्येच त्याचं मर्तिक घातलेलं आढळतं.

हार्टफर्डची परिषद म्हणजे देशद्रोह होता का?

जून १८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध जाहीर झालं. काँग्रेसमधल्या एकाही फेडरलिस्टाने बाजूने मत दिलं नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली: बॉल्टिमोरमध्ये युद्धविरोधी फेडरलिस्ट वर्तमानपत्रावर जमाव चालून गेला, क्रांतियुद्धातला जुना सेनानी जेम्स लिंगन त्यात मारला गेला.

१८१४ पर्यंत न्यू इंग्लंडचा किनारा नाकेबंदीने गुदमरला होता. १५ डिसेंबरला कनेटिकटमध्ये हार्टफर्ड इथे २६ प्रतिनिधी जमले: मॅसॅच्युसेट्सचे १२, कनेटिकटचे ७, ऱ्होड आयलंडचे ४, न्यू हॅम्पशायरमधून २, व्हरमाँटमधून १. दारं बंद. बाहेर अफवा की फुटून निघायचं ठरतंय. प्रत्यक्षात मवाळांनी परिषद हाती ठेवली आणि फुटीचा ठराव झालाच नाही. ५ जानेवारी १८१५ ला सात घटनादुरुस्त्या सुचवून ती संपली. युद्धासाठी आणि नवं राज्य घेण्यासाठी दोन-तृतीयांश मतं हवीत, गुलामांची ती मोजणी रद्द, अध्यक्षाला एकच कार्यकाळ, लागोपाठ एकाच राज्याचा अध्यक्ष नको, अशा मागण्या. त्यामुळे देशद्रोह म्हणायला आधार नाही. पण देशाच्या गळ्याशी आलेलं असताना बंद दारांमागे बसणं हा शहाणपणा नव्हता, आणि लोकांनी शिक्षा दिली ती त्याचीच.

मॅसॅच्युसेट्सने हॅरिसन ग्रे ओटिससह तिघांना मागण्या घेऊन वॉशिंग्टनला धाडलं. ते वाटेत असताना दोन बातम्या आल्या. ८ जानेवारीला न्यू ऑर्लीन्सला अँड्र्यू जॅक्सनने इंग्रजांचा धुव्वा उडवला होता. आणि घेंट इथे २४ डिसेंबरलाच तह झाला होता, परिषद चालू असतानाच. तिघे राजधानीत पोचले तेव्हा विजयाचा जल्लोष चालला होता. मागण्या कोणापुढे न मांडता ते परतले.

मग पक्षाचं काय उरलं?

धोरणं उरली, आणि ती विरोधकांच्या हाती. १८११ मध्ये जेफरसनवाल्यांनी बँकेची सनद संपू दिली होती. युद्धात कर्ज मिळवताना नाकी नऊ आले आणि १८१६ मध्ये तेव्हा अध्यक्ष असलेल्या मॅडिसननेच, ज्याने १७९१ मध्ये बँक घटनाबाह्य म्हटली होती, दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर सही केली.

आणि न्यायालय उरलं. ॲडम्सने जाता जाता नेमलेला सरन्यायाधीश जॉन मार्शल १८३५ पर्यंत त्या खुर्चीवर होता. घटनेविरुद्ध असलेला कायदा न्यायालय रद्दबातल ठरवू शकतं, हे त्याने १८०३ मध्ये सांगितलं. १८१९ मध्ये बँकेच्याच खटल्यात त्याने हॅमिल्टनचा जुना युक्तिवाद देशाचा कायदा करून टाकला. हॅमिल्टन जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

माणसं पांगली. ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी १८०८ मध्येच पक्ष सोडून गेला होता, तो पुढे अध्यक्ष झाला. डॅनियल वेब्स्टर पुढे व्हिग नावाच्या पक्षात गेला. जेम्स बुकॅनन फेडरलिस्ट म्हणून निवडून येऊ लागला आणि १८५७ मध्ये डेमोक्रॅट अध्यक्ष झाला.

शेवट नेमका कधी धरायचा?

अध्यक्षपदापुरता १८१६. फेडरलिस्ट रूफस किंगला ३४ मतं मिळाली, जेफरसनवाल्यांच्या जेम्स मनरोला १८३. १८२० मध्ये पक्षाने अध्यक्षपदासाठी उमेदवारच दिला नाही. डेलावेअरमध्ये आणि काही गावांत पक्ष पुढेही चालत राहिला. मॅसॅच्युसेट्सचं राज्यपालपद त्यांच्याकडे १८२३ पर्यंत टिकलं. त्या वर्षी त्यांचा उमेदवार होता हॅरिसन ग्रे ओटिस, वॉशिंग्टनहून रिकाम्या हाताने परतलेला. त्याला हरवलं विल्यम युस्टिसने, १८१२ चं युद्ध सुरू झालं तेव्हा जो मॅडिसनचा युद्धमंत्री होता.